मोरीवरचा सूर्य

"भावा, एक काय ते ठरीव. सायकल मारायची का फोटो काढायचे?"

रविवारच्या पहाटे पन्हाळ्याला निघालेल्या आमच्या टोळक्यातल्या एकानं वाघबीळच्या चढाच्या तोंडाशी मला हे विचारलं. बाकीचे सहा जण एकेक पाय रस्त्याला टेकवून उभे, आणि मी उकिडवा बसून कुंपणावरच्या कोळिष्टकातलं दव टिपतोय. त्याचा वैताग खरा होता. चढाआधी असं पाच मिनिटं थांबलं की अंगात आलेली गरमी उतरते आणि पहिल्याच वळणाला मांड्या धरतात. त्यातून सगळ्यांच्या मोबाइलवर सरासरी वेग पडत होता, आणि हल्ली सरासरी पडली म्हणजे घराण्याची अब्रूच गेल्यासारखं होतं.

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. हे दोन नाद खरोखरच एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत. सायकलला चाक फिरतं राहायला हवं असतं. एकदा लय लागली की समोर इंद्रधनुष्य उगवलं तरी ब्रेक दाबायचं जिवावर येतं, कारण गेलेला वेग परत कमवायचा तो पायांनीच. कॅमेऱ्याचं सगळंच उलटं. तो म्हणतो थांब, मागं फिर, त्या मघाच्या झाडापाशी परत चल. कोल्हापुरात नाद या शब्दाला मान आहे. पण एकाच माणसाला दोन नाद, तेही असे भांडखोर, म्हणजे दोन सवतींचा संसार. पुढच्या रविवारपासून मी एकटा निघायला लागलो. ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही, मीच मागं पडत पडत दिसेनासा झालो.

एकटं निघाल्यावर पहिलं वर्ष मी वाया घालवलं. त्या वर्षाचे फोटो काढून बघितले तर निम्म्या फोटोंत माझी सायकलच आहे. भिंतीला टेकलेली सायकल, बांधावर आडवी सायकल, सूर्यास्तासमोर सायकलची काळी सावली. लग्नात नवरदेवाचेही इतके फोटो निघत नाहीत. आता एक नियम केलाय, सायकल चौकटीत घ्यायची नाही. तिचं काम मला तिथं नेऊन सोडायचं.

दुसरं एक काम मात्र ती करते, आणि ते मला वाघबीळनंच शिकवलं. चढावर थांबून लगेच फोटो काढला की तो हललेला येतो. छाती भात्यासारखी चाललेली असते, हात थरथरतात, डोळा लावावा तर आपल्याच श्वासानं काच धुरकटते. म्हणून मी सायकल स्टँडवर लावतो, सीटवर रुमालाची घडी ठेवतो, त्यावर कॅमेरा टेकवतो आणि दोन मिनिटं नुसता उभा राहतो. या दोन मिनिटांत बऱ्याचदा असं होतं, की ज्याच्यासाठी थांबलो ते राहतं बाजूला आणि शेजारचं काहीतरी दिसायला लागतं. कधी काहीच दिसत नाही. मग पाणी पितो आणि निघतो.

कॅमेरा कॅरिअरला बांधू नये, हे मी पैसे घालवून शिकलो. आपल्या रस्त्यांचे हादरे लेन्समधले बारीक स्क्रू ढिले करतात. दुरुस्तीवाल्यानं लेन्स कानाशी धरून खुळखुळ्यासारखी हलवून दाखवली होती. तेव्हापासून कॅमेरा पाठीवर तिरपा असतो, पट्टा कमरेशी आवळलेला, आणि पाठीवर त्याच्या आकाराचा घामाचा चौकोन. पावसाळ्याचं आणखी वेगळं. जूनपासून तीन-चार महिने इथली हवा अशी ओली, की पापड सादळतात तशा लेन्सही सादळतात. एका वर्षी कपाटातून काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या पायांसारखी पांढरी बुरशी पसरलेली. आता ती सिलिकाच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात असते. तो डबा मूळचा शेवेचा. बायकोनं अजून माफ केलेलं नाही.

रोजचा रस्ता ऑफिसचा. मंगळवार पेठेतून शाहूपुरी, सरळ गेलं तर पंधरा मिनिटं. मी सरळ जात नाही. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभाला वळसा घालतो, तिथून रंकाळा, मग गंगावेस, आणि मग वळून कामाला. कॅमेऱ्याचं स्मारक भर चौकात असलेली गावं फार नसतील. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा इथंच, कोल्हापुरात, स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला, आणि त्यातूनच पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मी हप्त्यावर घेतलेला कॅमेरा पाठीवर टाकून त्या खांबाला रोज वळसा घालतो, तेव्हा दर वेळी काही भक्तिभाव दाटून येत नाही. बहुतेक वेळा मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो.

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात आणि माणसं रस्त्यातच उभी राहून ते पितात. मी तिथले शेकडो फोटो काढले असतील. एक बरा आलाय, त्यात म्हैस नाहीच. पेला तोंडाला लावून मान मागं टाकलेला एक पैलवान पोरगा आहे, आणि त्याच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी. हा फोटो पहिल्या दिवशी आला नसता. तिथं मी इतक्या वेळा पाय टेकवून उभा राहिलोय, की आता मला बघून कुणी केस नीट करत नाही.

हे मला सायकलनंच दिलं. गाडी असती तर मी दर सुट्टीला शंभर किलोमीटरवरचा नवा धबधबा गाठला असता. सायकलवर ऑफिस, घर आणि गुडघे सांभाळून माझा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. त्या परिघात नवं काही उरत नाही, तेच तेच परत बघावं लागतं. पंचगंगेचा घाट, जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानी, प्रयाग चिखलीचा संगम, केर्ली फाट्यावरचा चहा. एकाच जागेचे चाळीस-चाळीस फोटो माझ्याकडं आहेत. ते ओळीनं लावले की कमानींखाली नदी वर-खाली होताना दिसते.

आणि आमच्या गावात नदीचं वर-खाली होणं ही नुसती बघायची गोष्ट नव्हे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै-ऑगस्टात माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी "किती फुटावर हाय?" विचारतात. रेडेडोह फुटला, म्हणजे नदी पात्र सोडून बाहेर पसरली, म्हटलं की शहाणी माणसं सामान माळ्यावर चढवायला घेतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

ते ओसरल्यावर मी सायकल काढून आंबेवाडी, चिखलीकडं गेलो. का गेलो, याचं धड उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं. रस्त्यावर गाळ, त्यात चाक घोट्याएवढं रुतायचं, त्यामुळं बराचसा रस्ता सायकल हातानं ढकलतच. कुजलेल्या धान्याचा वास. प्रत्येक भिंतीवर फूटपट्टीनं मारल्यासारखी चिखलाची सरळ रेघ, आणि रेघेच्या वर रंग जसाच्या तसा. एका दारासमोर बाजेवर लग्नाचा अल्बम उघडा करून वाळत घातला होता. फोटोंतले रंग एकमेकांत उतरून नवरा-नवरीच्या जागी नुसते जांभळे-पिवळे डाग राहिले होते. ऊन तिरपं पडलं होतं. मी वाकून दोन-तीन फोटो काढले.

"पेपरातलं हाईसा व्हय?" मागून आवाज आला. पदर खोचलेली, हातात खराटा असलेली बाई होती.

"नाही."

"मग सरकारातलं?"

"नाही. असंच."

तिनं माझ्याकडं, मग सायकलकडं, मग बाजेवरच्या अल्बमकडं बघितलं. "असंच काडतायसा तर आमच्या घराचं बी काडा. पंचनाम्याला लागत्यात. मी दावतो चला."

तिनं पडलेली मागची भिंत दाखवली, भिजून फुगलेला फ्रीज दाखवला, कणगीतलं काळं पडलेलं भात मुठीत धरून दाखवलं. मग तिची जाऊ आली, मग पलीकडचे दोघं आले. त्या दिवशी चौदा घरं झाली. प्रत्येक घराचे चार फोटो. एक भिंतीवरच्या रेघेचा, त्यात माप कळावं म्हणून घरातला कुणीतरी रेघेला लागून उभा. हे त्यांनीच सुचवलं. तिसऱ्या दिवशी प्रिंट काढून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कॅरिअरवरून नेऊन दिल्या. प्रिंट हातात घेऊन एकही माणूस "छान आलाय" म्हणालं नाही. रेघ स्पष्ट दिसतीय का, एवढंच सगळ्यांनी बघितलं.

अल्बमचा फोटो त्याच कार्डावर होता. प्रकाश सुंदर होता त्यात. तो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

असो. सांगायचं होतं ते दुसरंच.

आमच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं रंकाळ्याकडून येतात, महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हवेत धूळ असली, ढग आला, वाटेतल्या इमारतीचा एखादा मजला वाढलेला असला, की किरणं उंबऱ्यापाशीच मावळतात. अभ्यासक तिथं यंत्र लावून उजेड लक्समध्ये मोजतात, आणि आम्ही कोल्हापूरकर दुसऱ्या दिवशी पेपरात क्रिकेटचा स्कोअर वाचावा तसं वाचतो, आज कुठवर पोचली.

दोन वर्षांपूर्वी १० नोव्हेंबरला महाद्वारातली गर्दी टाळून मी उलट्या दिशेला, शिवाजी पुलावरून वडणग्याकडं निघालो. गावाच्या पुढं आतल्या रस्त्याला एक ओढा आहे, त्यावर छोटी मोरी. मोरीच्या दोन्ही अंगांना उसाच्या भिंती, दोन पुरुष उंच, तुरे आलेल्या. त्या भिंतींमधून सरळ गेलेला रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला गुऱ्हाळाचं धुराडं. सहाला दहा मिनिटं कमी असतील. सूर्य बरोबर त्या धुराड्यावर उतरत होता. धूर निघत होता तो त्या बिंबातून निघाल्यासारखा. उसाचे तुरे पेटल्यासारखे दिसत होते.

मी सायकलवरून जवळजवळ उडीच मारली. कॅमेरा काढला, श्वास धरला, बटण दाबलं. पडद्यावर दोन शब्द आले. नो कार्ड.

कार्ड घरी कॉम्प्युटरला लावलेलं होतं. हा नाद असलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात ही वेळ एकदा येते, माझ्या आयुष्यात ती पाचव्यांदा आली होती. मोबाइलनं काढून बघितला, तर सूर्याच्या जागी एक पांढरा भोपळा आणि धुराचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी ऑफिसात मार्चएंड असल्यासारखं काम.

आठवडाभर मी स्वतःवर चिडून होतो. मग एका रात्री कॅलेंडर बघताना डोक्यात प्रकाश पडला. किरणोत्सव दोनदा का होतो? १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी पुन्हा ४१ दिवस. सूर्य दक्षिणेकडं सरकताना क्षितिजावरच्या ज्या ठिकाणी १० नोव्हेंबरला मावळला, तिथंच उत्तरेकडं परतताना १ फेब्रुवारीला मावळणार. देऊळ बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. मला पंचेचाळिसाव्या वर्षी, एक फोटो हुकल्यावर कळलं. म्हणजे माझा फोटो गेलेला नव्हता, नुसता पुढं ढकलला होता.

१ फेब्रुवारीला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसात कारण विचारलं तेव्हा "किरणोत्सव" म्हणालो. खोटं तर नव्हतं. कार्ड तीनदा तपासलं, एक जादाचं खिशात टाकलं. हवा भरली, चेनला तेल दिलं, आणि साडेपाचच्या ठोक्याला मोरीवर हजर.

सूर्य वरच होता. चांगलाच वर. नोव्हेंबरात यानंतर वीसच मिनिटांनी तो धुराड्यावर उतरला होता. मी घड्याळ बघितलं, मोबाइल बघितला, आणि मग आठवलं. पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही आणि आसही कललेला, त्यामुळं सूर्याचा मध्यान्ह घड्याळाशी वर्षभर जुळत नाही. नोव्हेंबरात तो सोळा मिनिटं लवकर होतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेरा-चौदा मिनिटं उशिरा. जागा तीच, पण वेळ अर्धा तास पुढं. कोल्हापुरात १० नोव्हेंबरचा सूर्यास्त सहाचा, १ फेब्रुवारीचा साडेसहाचा. तेवढा एक हिशोब माझ्याकडून राहिला होता.

बरं, दुसरंही एक. ऊस नव्हता. डाव्या अंगाचा तुटून गेलेला, पाचट पसरलेली, खोडव्याला बोटभर हिरवे कोंब. उजव्या अंगाला निम्मा फड उरलेला. भिंती नसल्यामुळं रस्ता उघडा पडला होता आणि धुराडं होतं त्याहून बुटकं वाटत होतं.

तासभर मोरीवर बसून काय करणार, म्हणून सायकल गुऱ्हाळाकडं वळवली. नोव्हेंबरपासून चार-पाचदा इकडून गेलो होतो, पण लांबूनच. आत शिरल्यावर पहिल्यांदा अंगावर आली ती ऊब, मग वास. काहिलीत रस शेवटाला आला होता. भेंडीचं पाणी घालून मळी केव्हाच काढून झालेली, आता नुसतं सोनेरी खदखदणं. खाली चुलवाणात एक जण चिपाड सारत होता, न थांबता, वर बघतही नव्हता. आणि काहिलीपाशी गुळव्या उभा. साठीचा असेल, खांद्यावर पंचा, डोळे रसावर.

"फोटो काढू का?"

"काडा की. माजा नगं. माजं ध्यान जातंय."

मी लेन्स पुढं केली तर वाफेनं काच आंधळी झाली. पुसली, परत आंधळी. शेवटी कॅमेरा पाठीवर टाकला आणि बघत बसलो. रसाचे बुडबुडे आधी मोठे, फटाफट फुटणारे होते. ते बारीक होत गेले, मग जड झाले आणि फुटताना 'फस्स' असा दबका आवाज करायला लागले. गुळव्यानं काठीच्या टोकाला रस घेतला, शेजारच्या तांब्यातल्या गार पाण्यात बुडवला, बोटांनी वळून गोळी केली, दाबून बघितली आणि टाकून दिली. अर्ध्या मिनिटानं परत. परत टाकली. तिसरी गोळी त्यानं दाबली आणि तोंडातून शब्द न काढता नुसता डावा हात वर केला. चिपाड सारणारा थांबला. कुठनंतरी चार माणसं धावत आली, काहील उचलून कलती केली, आणि सगळा रस वाफ्यात पसरला. मग फावड्यांनी घोटणं सुरू झालं. सोनेरी रंग बघता बघता मवाळ, पिवळसर, दाट होत गेला.

"कसं कळतं हो नेमकं?"

"कुटं कळतंय?" तो पहिल्यांदा हसला. "उशीर झाला की कळतंय."

त्यानं पळसाच्या पानावर गरम गुळाचा गोळा दिला. बोटं भाजत, फुंकर मारत खाल्ला. पोरांची नावं, ऊस कुठला, सायकल केवढ्याला पडली, गाडी परवडत नाही काय, असं सगळं झालं. बाहेर बघतो तर ऊन तांबडं. घड्याळात सहा वाजून अठरा मिनिटं. उठलो आणि सायकलवर टांग मारून मोरी गाठली.

सूर्य तिथंच होता. बोटभरसुद्धा इकडंतिकडं नाही. ४१ दिवस जाऊन ४१ दिवसांनी परत आला होता आणि अगदी त्याच धुराड्यावर टेकत होता. मी सायकल स्टँडवर लावली, सीटवर रुमाल, रुमालावर कॅमेरा, श्वास खाली बसू दिला. डोळा लावला.

धूर नव्हता.

ती दिवसातली शेवटची काहील होती. ती उतरल्यावर चुलवाण विझत आलं होतं, आणि धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. मी तरी बटण दाबत राहिलो. बिंब धुराड्यामागं गेलं, दुसऱ्या बाजूनं अर्धं निघालं, बुडालं. वीस-बावीस फोटो झाले असतील. कॅमेरा पिशवीत टाकत होतो तेवढ्यात गुळव्या सायकल ढकलत मोरीवर आला. काळी, जुनी, दांडीची सायकल, कॅरिअरला जेवणाचा डबा. थांबला.

"ह्येच्यासाटनं थांबला हुतासा व्हय?"

मी नोव्हेंबरपासूनची सगळी कहाणी सांगितली. कार्ड, कॅलेंडर, ४१ दिवस, धूर. त्यानं नीट ऐकून घेतली, मागं वळून धुराड्याकडं बघितलं.

"धूर पायजे हुता तर आदी बोलायचं न्हाई? दोन भारं चिपाड जादा सारलं असतं की."

मग तो पायडलवर पाय ठेवून, दोन उड्या मारून सायकलवर बसला आणि निघाला. मीही निघालो. शिवाजी पुलापर्यंत आम्ही मागंपुढं होतो, चढाला तो पुढं, उताराला मी.

घरी येऊन लेन्स पुसायचं फडकं काढलं तर ते कॅमेऱ्याला चिकटलेलं. गूळ कधी त्याच्यात गुंडाळून ठेवला, माझ्या लक्षातच नव्हतं.